बोलावलेले, आलेले आणि बसलेले



आपल्या मराठी घरांत ‘बेदर’ हे नाव मुलांच्या कानी पहिल्यांदा पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. दुष्काळात पंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, बेदरच्या बादशहाची खप्पामर्जी झाली, आणि विठूने स्वतः दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली. कीर्तनकारांनी ही कथा घरोघर पोचवली. त्या कथेतले बेदर म्हणजे एक रागीट दरबार आणि एक खजिना, एवढेच. पण परंपरा दामाजीपंतांना ज्या पंधराव्या शतकात ठेवते, त्याच शतकात त्या बेदरात विद्यार्थ्यांसाठी एक तीनमजली वास्तू उभी राहिली. तिच्यात राहण्याच्या खोल्या होत्या, शिकवण्याची दालने होती, तीन हजार ग्रंथ होते. ती वास्तू आपण सर्वांनी पाहिली आहे. शाळेच्या सहलीत मिनारापाशी उभे राहून निळ्याहिरव्या फरश्यांचे उरलेले तुकडे मोजले आहेत. तिच्यामागची हकीकत मात्र आपल्या कथाकीर्तनांत कधी आली नाही.

त्या हकीकतीच्या निमित्ताने मला आज एका प्रश्नाचा विचार करायचा आहे. तरुण अभ्यासकाला त्याच्या विषयातला जगन्मान्य माणूस प्रत्यक्ष भेटला, तर त्यातून काय निपजते? आणि जे निपजते ते टिकते कशाने?

आजच्या जगात अशा भेटींची रीतसर व्यवस्था आहे. तिचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे जर्मनीतले लिंडाऊ, कॉन्स्टन्स सरोवरातले एक लहानसे बेटावरचे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन विज्ञान जगात एकाकी पडले होते. ते पुन्हा जगाशी जोडले जावे म्हणून हाइन आणि पारादे या दोन डॉक्टरांनी नोबेल मानकऱ्यांना गावात बोलावण्याची कल्पना काढली. स्वीडिश राजघराण्यातल्या काउंट लेनार्ट बर्नाडोट यांनी तिला पाठबळ दिले, आणि १९५१ साली पहिला मेळावा भरला. सुरुवातीला श्रोते डॉक्टरच होते. पुढे विद्यार्थ्यांना आमंत्रणे जाऊ लागली, आणि आज जगभरातले निवडक तरुण संशोधक दरवर्षी तिथे काही दिवस थोरांच्या सहवासात घालवतात. भारतातूनही विद्यार्थी जातात. उद्या कलबुर्गीच्या किंवा बीदरच्या एखाद्या मराठी घरातली मुलगी त्यांत असेल. ती निघेल तेव्हा आपल्याला वाटेल की आपल्या मुलखातून कोणी प्रथमच अशा वाटेला लागले. इतिहास वेगळे सांगतो. ही वाट भीमा-मांजरेच्या मुलखाला नवी नाही. फक्त पूर्वी ती उलट्या दिशेने वाहत होती. थोरांना इथे बोलावले जात होते.

गुलबर्ग्याचे वर्ग

याला कल्याणपासून सुरुवात करता येईल. आपल्या बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी बिल्हण कवी थेट काश्मीरहून आला. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती याच राजाच्या काळात. पण तरुण शिष्य, परदेशी गुरू आणि त्यांची भेट घडवणारी यंत्रणा, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या बहामनी काळात. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा राजधानी झाली.

या काळाची बरीच माहिती आपल्याला फिरिश्ता या इतिहासकाराकडून मिळते. तो विजापूरच्या आदिलशाहीत, सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता; म्हणजे घटनांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. त्याला गोष्ट रंगवून सांगण्याची हौस आहे, हे लक्षात ठेवूनच त्याला वाचावे लागते. तरीही त्याने दिलेला तपशील असा आहे की तो बाजूला सारता येत नाही.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट हाफिजची. दुसरा महंमदशहा बहामनी (१३७८ ते १३९७) विद्याव्यासंगी होता. त्याचा एक विद्वान अधिकारी, शिराजचा मीर फजलुल्ला इंजू, याने आपल्याच गावच्या या महाकवीला गुलबर्ग्याचे आमंत्रण धाडले, सोबत वाटखर्च पाठवला. हाफिज निघाला. काही रक्कम निघण्यापूर्वीच आप्तांत आणि देणेकऱ्यांत गेली. उरलेली वाटेत लुटल्या गेलेल्या एका ओळखीच्या माणसाला दिली. व्यापाऱ्यांच्या मदतीने तो होर्मुझ बंदरात पोचला, दख्खनला येणाऱ्या जहाजावर चढलाही. तेवढ्यात वादळ उठले. मित्रांचा निरोप घ्यायचा राहिला असे सांगून तो उतरला, एक गझल लिहून इंजूकडे पाठवून दिली, आणि शिराजला परतला. सुलतानाने रागावण्याऐवजी त्याला भेटवस्तू पाठवल्या.

हाफिज आला नाही, ही गोष्ट सर्वांना सांगावीशी वाटते. पण ज्याने आमंत्रण धाडले तो इंजू इथे आलेला होता आणि इथे शिकवत होता, याकडे आपले लक्ष जात नाही. फिरिश्ता सांगतो की इंजू हा सादुद्दीन तफ्ताझानी यांचा शिष्य. तफ्ताझानी म्हणजे त्या काळी इस्लामी जगातले तर्क, तत्त्वज्ञान आणि अलंकारशास्त्र यांतले अग्रगण्य नाव. तैमूरच्या समरकंदात त्यांना मोठा मान होता. ते स्वतः कधी दख्खनमध्ये आले नाहीत. त्यांचा शिष्य आला. सुलतानाने आपल्या दोन पुतण्यांना त्या शिष्याच्या हाती शिकायला सोपवले. ती दोन मुले म्हणजे पुढचे फिरोजशहा आणि अहमदशहा बहामनी.

फिरोजशहा १३९७ मध्ये गादीवर आला आणि १४२२ पर्यंत राज्य केले. भीमेकाठचे फिरोजाबाद त्याने वसवले. त्याचे पडके कोट आजही उभे आहेत. फिरिश्ता लिहितो की दरवर्षी गोवा आणि चौल या बंदरांतून जहाजे पाठवली जात. त्यांना हुकूम असे तो परमुलखातल्या उत्तम वस्तू आणण्याचा, आणि विद्वान माणसेही. घोडे, रेशीम यांच्या यादीत ज्ञानी माणूसही होता. अधिक महत्त्वाचे पुढेच आहे. हा राजा आठवड्यातून तीन दिवस, शनिवार, सोमवार आणि गुरुवार, स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायला बसे. दिवसा राज्यकारभारातून सवड झाली नाही तर रात्री बसे. तो काय शिकवी याचीही नोंद आहे. भूमितीसाठी युक्लिड. ज्योतिषासाठी ‘तझकिरा’ची टीका, ‘तझकिरा’ हा तेराव्या शतकात मराग्याची वेधशाळा उभारणाऱ्या नसिरुद्दीन तूसींचा ग्रंथ. आणि धर्मतत्त्व व अलंकारशास्त्र यांसाठी ‘शर्हे मकासिद’ आणि ‘मुतव्वल’.

ही शेवटची दोन्ही पुस्तके तफ्ताझानींची आहेत. समरकंदच्या गुरूचा शिष्य गुलबर्ग्याला आला, त्याने एका राजपुत्राला शिकवले, आणि तो राजपुत्र राजा झाल्यावर गुलबर्ग्याच्या मुलांना त्याच गुरूचे ग्रंथ शिकवू लागला. दोन पायऱ्यांत समरकंद गुलबर्ग्याच्या ओसरीवर आले. हाफिजच्या न येण्याची गोष्ट सर्वांच्या तोंडी राहिली. तफ्ताझानींच्या या अशा येण्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

याच फिरोजशहाने १४०७ च्या सुमारास दौलताबादजवळच्या बालाघाटात वेधशाळा बांधायला काढली. काम हकीम हसन गिलानी आणि सय्यद महंमद काझरूनी यांच्याकडे होते. उलुगबेगाची समरकंदची जगप्रसिद्ध वेधशाळा उभी राहिली ती १४२० च्या दशकात, म्हणजे या कामानंतर. दख्खनची वेधशाळा पुरी झाली असती तर काय झाले असते, या कल्पनेत रमण्यात अर्थ नाही. ती पुरी झाली नाही, आणि कारण साधे आहे. हसन गिलानी वारला. त्याच्या हाताखाली काम पुढे नेईल असा माणूस तयार झालेला नव्हता. एका माणसावर उभारलेले काम त्या माणसाबरोबर थांबले.

तीन हजार पुस्तके कोणाची?

अहमदशहाच्या काळात राजधानी बीदरला गेली. १४५३ मध्ये इराणच्या गिलान प्रांतातला चाळिशी ओलांडलेला एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि बीदरला आला. ख्वाजा महमूद गवान. व्यापाराच्या निमित्ताने तो हिंडलेला होता; काहिरा आणि दमास्कसच्या विद्वानांत बसलेला होता. बीदरला येण्यात त्याचा एक हेतू शाह मुहिब्बुल्ला या सत्पुरुषाला भेटण्याचा होता. आला होता तो भेटीसाठी. राहिला, आणि बहामनी राज्याचा वजीर झाला.

गवानाची पत्रे ‘रियाझुल इन्शा’ या संग्रहात उपलब्ध आहेत. त्यांत राजे आहेत, सरदार आहेत, आणि विद्वानही आहेत. हेरातचा कवी जामी आणि शिराजकडचा तत्त्वज्ञ जलालुद्दीन दवानी यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. दोघांनाही त्याने बीदरला बोलावले. दोघेही आले नाहीत. जामीने स्तुतिपर काव्य पाठवले. दवानीने आपला एक ग्रंथ गवानाला अर्पण केला. हाफिजच्या वेळचाच प्रकार पुन्हा घडला. मोठी माणसे बहुधा येत नाहीत. त्यांना आपापली गावे असतात, वय झालेले असते, समुद्राची भीती असते.

पण गवानाने त्यांच्या येण्यावर आपले काम टांगून ठेवले नव्हते. १४७२ मध्ये त्याचा मदरसा पुरा झाला. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद असा चौक, तीन मजले, मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाची दालने. गुलाम यझदानींनी बीदरच्या वास्तूंवरच्या आपल्या १९४७ च्या ग्रंथात या इमारतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या आणि अध्यापकांसाठी सहा निवासस्थाने मोजली आहेत. आजच्या विद्यापीठाच्या इमारतीत पाहुण्यांचे सभागृह आधी बांधतात आणि वसतिगृहाचे पाहू मागाहून म्हणतात. गवानाने खोल्यांचा हिशेब मूळ आराखड्यातच धरला होता. शिकणारा मुलगा कुठे झोपेल आणि शिकवणारा कुठे राहील हे ठरल्यावर कोण पाहुणा येईल हा प्रश्न दुय्यम राहतो.

५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत गवानाचा शिरच्छेद झाला. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार केले, ओरिसाच्या राजाशी संधान असल्याचा आळ घेतला, आणि तिसऱ्या महंमदशहाने मद्याच्या अमलात हुकूम दिला. त्यानंतरची एक हकीकत फिरिश्ता देतो. सुलतानाला वाटले, वजिराने अफाट संपत्ती साठवली असेल. त्याने खजिनदाराला बोलावून विचारले. खजिनदाराने हिशेब मांडला तो असा: सरकारी उत्पन्नाचा पैसा फौजेवर जाई, गवानाच्या स्वतःच्या व्यापाराचा नफा थोड्या घरखर्चापलीकडे गोरगरिबांना वाटला जाई, आणि तीन हजार पुस्तके आहेत, पण ती विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली आहेत.

राज्याच्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या घरात जप्त करण्याजोगे होते ते ग्रंथ, आणि तेही त्याच्या मालकीचे धरता येत नव्हते. या हिशेबाने दामाजीपंतांच्या कथेची आठवण होते. तिथे कोठारातले धान्य सरकारचे की भुकेल्यांचे, हा प्रश्न होता. इथे तीन हजार पुस्तके कोणाची, हा.

गवानानंतर बहामनी राज्य मोडत गेले आणि त्याचे पाच तुकडे झाले. मदरशाला पूर्वीचा आधार राहिला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस, बीदर मोगलांकडे असताना, दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज एक मिनार उभा आहे.

आपल्या हाती काय आले

मराठी वाचक इथे एक रास्त प्रश्न विचारेल. हे सारे फारसी-अरबीत चाललेले शिक्षण. त्या छत्तीस खोल्यांत आपल्या गावखेड्यांतली किती मुले होती? खेड्यातल्या मराठी किंवा कानडी बोलणाऱ्या मुलासाठी तो दरवाजा उघडा नव्हता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भाषा ही पहिली भिंत होती.

तरीही भिंतीला कान असतात. शिकण्याशिकवण्याच्या व्यवहारातले आपले शब्द पाहा. कागद, दौत, शाई, दप्तर, तक्ता, किताब. तालीम, वस्ताद, शागीर्द. सारे फारसी-अरबीकडून आलेले. मोडी लिहिणाऱ्या कुलकर्ण्या-देशपांड्यांच्या घरांत ते दप्तराबरोबर आले आणि कायमचे राहिले. ‘तालीम’ म्हणजे मूळचे शिक्षण. आपण तिला आखाड्यात नेले आणि ‘उस्ताद’चा वस्ताद केला. विद्या सगळी आली नाही, पण विद्येची भांडीकुंडी आली.

याहून मोलाचा एक दाखला ज्योतिषातला आहे. गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या गोलग्रामचे एक मराठी ज्योतिषी घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले. त्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. कमलाकर परंपरेचा कट्टर अभिमानी. पण त्याच्या ग्रंथात समरकंदच्या उलुगबेगाच्या मतांचा आणि कोष्टकांचा उपयोग केलेला आहे. ध्रुवतारा अगदी स्थिर नाही, असेही तो सांगतो. समरकंदची विद्या त्याच्याकडे गुलबर्ग्याच्या वाटेने आली असे म्हणायला आधार नाही. मात्र मराठी विद्वानाने ती आपल्या शास्त्राच्या भाषेत घेतली. उलुगबेगाला तो भेटला नव्हता. दोघांत दोन शतकांचे अंतर होते. ग्रंथाने ती भेट घडवली.

कमलाकराची ही हकीकत आपल्याला मराठीत वाचायला मिळते ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांमुळे, आणि दीक्षितांपाशी थोडे थांबायला हवे. कोकणातल्या मुरूडचे हे गृहस्थ (१८५३ ते १८९८) मॅट्रिकपर्यंत शिकलेले, व्यवसायाने शाळाशिक्षक. परदेशी गेले नाहीत, विद्यापीठाची पदवी नाही. पण प्राचीन कालगणनेचे गणित त्यांच्याइतके कोणाला येत नव्हते. आपल्या कानडी मुलखाच्या राजवंशांचा इतिहास लिहिणारे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट गुप्तकाळाच्या शिलालेखांवर काम करत होते, तेव्हा तिथींचे गणित दीक्षितांनी करून दिले. रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १८९६ मध्ये लंडनहून निघाला. जगातल्या मान्यवर संशोधकांबरोबर बरोबरीच्या नात्याने काम करणारा हा मराठी शाळामास्तर. आणि त्याच १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मात्र त्यांनी मराठीत लिहिला.

फ्लीट आणि स्यूएल यांच्याबरोबरच्या कामातून दीक्षितांना जे मिळाले ते इंग्रजीतच ठेवले असते तरी त्यांचे नाव झाले असते. त्यांनी ते घरी आणले. पुढे इतर भाषांच्या अभ्यासकांनाही त्या मराठी ग्रंथाकडे वळावे लागले; त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली.

जेऊरचा माळ आणि पुण्याची दुर्बीण

दीक्षितांच्याच काळात पुण्यात आणखी एक माणूस आकाशाकडे पाहत होता. कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७ चा, पारशी घराण्यातला, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली, आणि हा तरुण १८८४ मध्ये उपकरणे घ्यायला इंग्लंडला गेला. तिथे तो तिथल्या श्रेष्ठ खगोलज्ञांना भेटला. प्रयोगशाळेसाठी निघालेला माणूस त्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचा बेत घेऊन परतला. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिच्यासाठी डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून आलेली वीस इंचांची परावर्तक दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. एका भेटीने माणसाच्या कामाची दिशा कशी बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

दहा वर्षांनी उलट घडले. जग आपल्या दारी आले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, आणि छायेचा पट्टा कोकणातून सोलापूर जिल्ह्यावरून ईशान्येकडे जात होता. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर उतरले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल मुंबईहून गुलबर्गा-वाडीकडे येणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावरच्या जेऊरला तळ देऊन बसले. पुणे प्लेगने हैराण झालेले असताना नायगमवालांनीही आपली उपकरणे जेऊरलाच नेली. खग्रास स्थिती दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने तयारी, आणि एकाच माळावर पुण्याचा प्राध्यापक आणि अमेरिकेचा खगोलज्ञ आपापल्या उपकरणांशी उभे. नायगमवालांचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला.

आणि नंतर? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, तशी पुण्याची वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला पाठवण्यात आली. तिथे तिला आजही भावनगर दुर्बीण म्हणतात. दौलताबादच्या बालाघाटात हसन गिलानीच्या मृत्यूने जे झाले, तेच पाच शतकांनी पुण्यात एका निवृत्तीने झाले. उपकरण चांगले होते, माणूस उत्तम होता, थोरांशी भेटही झालेली होती. त्याच्या मागे बसायला कोणी तयार केलेले नव्हते.

बसायला जागा

म्हणून या सगळ्या इतिहासात मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. समोर बसायला कोणाला मिळाले? आणि पाहुणा उठून गेल्यावर बैठक चालू राहिली का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांच्या आयुष्यात आहे. १९३३ मध्ये बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन संचालक होते; नोबेल मानकरी. मुंबई विद्यापीठाची उत्तम पदवी घेऊन ही मुलगी गेली, आणि स्त्री म्हणून तिला प्रवेश नाकारण्यात आला. ती हटली नाही. शेवटी वर्षभराच्या चाचणीवर प्रवेश मिळाला. तिचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे तिथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. नंतर त्या केंब्रिजला हॉपकिन्स या दुसऱ्या नोबेल मानकऱ्याच्या विभागात गेल्या, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम ‘सी’वर काम केले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. थोर माणूस समोर असणे पुरेसे नसते. दरवाजा कोणी अडवला आहे, हेही पाहावे लागते. कधी कधी अडवणारा तो थोर माणूसच असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुण्यात सापडते. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले आणि, कमलाकराप्रमाणेच, काशीत वाढले. केंब्रिजला फ्रेड हॉइल त्यांचे गुरू. १९६१ च्या आरंभी मार्टिन रायल यांनी हॉइल यांच्या विश्वकल्पनेविरुद्ध निरीक्षणे पुढे आणली. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांना उत्तर द्यायचे होते, आणि हॉइल यांना त्या वेळी दुसरीकडे जायचे होते. त्यांनी ते काम आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपवले. एवढ्या मोठ्या सभेत गुरूने शिष्याला स्वतःच्या जागी उभे केले. गुरूजवळ बसून माणूस शिकतो. गुरूने पुढे ढकलल्यावर अधिक शिकतो.

नारळीकरांनी पुढे काय केले, हे इथे आपल्या उपयोगाचे आहे. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी राहिली ती त्यांच्या नेतृत्वाखाली. तिच्या नावातच ‘आंतरविद्यापीठीय’ हा शब्द आहे. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या शिक्षकाने, विद्यार्थ्याने तिथे यावे, दुर्बिणी आणि ग्रंथालय वापरावे, जगभरातून आलेल्यांशी बोलावे आणि आपल्या गावी परतून शिकवावे, हा तिचा हेतू. गुलबर्गा विद्यापीठातल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकालाही त्यात जागा आहे. २००३ मध्ये नारळीकर संचालकपदावरून निवृत्त झाले. संस्था चालू राहिली. १९१२ मध्ये पुण्यात जे झाले नाही ते या वेळी झाले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हाही तिथले वर्ग आणि वेध थांबले नाहीत. आणि दीक्षितांप्रमाणेच त्यांनीही आयुष्यभर मराठीत लिहिले.

आपल्यापुरते

श्रोतेहो, सीमाभागातल्या आपल्या मराठी घरांची अडचण आपण जाणतो. घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि दख्खनी, कॉलेजात इंग्रजी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपली मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला शिकायला गेली; त्यांतली बरीच तिथूनही पुढे गेली. आपण त्यांच्या फोटोंचे कौतुक करतो. कोणा मोठ्या माणसाबरोबरचा फोटो आला तर तो चार घरी दाखवतो. त्यात गैर काही नाही. पण फोटो हा हाफिजच्या गझलेसारखा असतो: सुंदर, आणि वर्ग मात्र त्याने सुरू होत नाही.

आपल्या मुलखाच्या इतिहासात ज्यांनी खरे काम केले त्यांची नावे मोठ्यांच्या यादीत खालच्या ओळीत आहेत. तफ्ताझानी नव्हे, त्यांचा शिष्य इंजू. जामी नव्हे, छत्तीस खोल्या. फ्लीट नव्हे, त्यांना गणित करून देणारा आणि तेच शास्त्र मराठीत लिहून ठेवणारा शाळामास्तर. आपल्या घरातली जी मुलगी उद्या लिंडाऊला किंवा आणखी कुठे जाईल, तिच्याकडून आपण एकच मागावे. परत आल्यावर तिने बीदरच्या, भालकीच्या, आळंदच्या एखाद्या शाळेत चार मुलांपुढे बसावे आणि आपण काय पाहिले ते त्यांना कळेल त्या भाषेत सांगावे. मराठीत सांगावे, कानडीत सांगावे. फिरोजशहाप्रमाणे सवड नसेल तर रात्री सांगावे.

आणि आपल्यासारख्या मंडळांनीही आपल्याकडून काही द्यावे. मोठ्या वक्त्याच्या मानधनाइतकाच एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाचा विचार करावा. वाचनालयात विज्ञानाचे एक कपाट असावे, आणि त्याची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती असावी. पाचशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी बीदरच्या एका खजिनदाराने हिशेब देताना पुस्तकांपुढे विद्यार्थ्यांचे नाव घातले होते. आपल्या वार्षिक जमाखर्चातही तशी एक ओळ असू द्यावी, एवढी विनंती करून मी थांबतो.